सिनियर सिटिझन, सिटिझन आणि अपिलाचं बंद दार: अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या समस्त मराठी मंडळांच्या कमिटीतल्या मंडळींनो,

स. न. वि. वि.

मी तुमचा मेंबर नाही. मुलगा-सून एडिसनला असतात, त्यांच्याकडे मे महिन्यात आलोय, ऑक्टोबरात परत जाणार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं नोकरी केली, बेंच क्लार्क म्हणून सुरुवात आणि शिरस्तेदार म्हणून शेवट. म्हणजे वकील नाही, जज तर नाहीच, पण निकालपत्र वाचायची सवय हाडात भिनलेली, आणि इथे दुपारी करायचं काय, तर मुलाच्या लॅपटॉपवर अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचत बसतो. फुकट मिळतात, डाउनलोड करायचे आणि वाचायचे. सून म्हणते बाबा तुम्ही नेटफ्लिक्स का नाही बघत. असो.

पत्र लिहायचं कारण एक विनोद आहे. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे बाकडी आहेत, संध्याकाळी सगळे आजी-आजोबा तिथे जमतो, निम्मे गुजराती, थोडे तेलुगू, आम्ही चार-पाच मराठी. त्यात एक आजी आहेत, मुलगी सिटिझन झाली तिने ग्रीन कार्डवर आणलंय. त्या सांगत होत्या की लायसनच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईने भराभरा काहीतरी विचारलं, त्यातला ‘सिटिझन’ एवढाच शब्द कळला, तर ह्या ठसक्यात म्हणाल्या, येस येस, सिनियर सिटिझन! सगळे पोट धरून हसले, मीपण हसलो. त्या बाईने ग्रीन कार्ड बघितलं, हसली आणि बरोबर ती खूण केली, विषय संपला.

पण रात्री मला झोप आली नाही, कारण आदल्याच आठवड्यात मी ‘पटेल विरुद्ध गार्लंड’ वाचलेलं होतं. १६ मे २०२२ चा निकाल. पाच विरुद्ध चार. आणि त्या सगळ्या केसचं मूळ काय, तर ड्रायव्हिंग लायसनच्या फॉर्मवरची एक टिक.

तुमच्यातल्या किती जणांना ही केस माहितीय? मी आमच्या मुलाला विचारलं, त्याला नाही. त्याच्या दहा मित्रांना विचारलं, सगळे आयटीतले, सगळ्यांना व्हिसा बुलेटिनची, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेच्या सरकारी तक्त्याची, तारीख तोंडपाठ, कुठल्या महिन्यात किती दिवस पुढे सरकली ते सांगतील, पण ही केस एकालाही माहीत नाही. म्हणून आधी गोष्ट सांगतो.

पटेल नावाचे गृहस्थ १९९२ साली बायकोबरोबर अमेरिकेत आले. कसे आले, तर चोरवाटेने, रीतसर शिक्का नाही. हे मी लपवणार नाही कारण मग तुम्हीच म्हणाल की आमचा काय संबंध, आम्ही एच-वन-बी वर आलोय. थांबा, संबंध पुढे येतो. तर जॉर्जिया राज्यात राहिले, संसार झाला, तीन मुलगे झाले, आणि २००७ साली त्यांनी ग्रीन कार्डसाठी अर्ज केला. तेव्हा एक जुनं कलम होतं ज्याखाली विनाशिक्का आलेल्या काही लोकांना दंड भरून, मालकाच्या स्पॉन्सरशिपवर अर्ज करता यायचा. म्हणजे त्या दिवसापासून हा माणूस तुमच्या भाषेत ‘फोर एटी फाइव्ह पेंडिंग’, आय-४८५ हा ग्रीन कार्डच्या अर्जाचा फॉर्म. वर्क परमिट होतं. अर्ज पडून होता. ओळखीची वाटतेय ना अवस्था?

२००८ साली लायसन रिन्यू करायला गेले आणि फॉर्मवर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ ह्या चौकोनात खूण झाली. ही गोष्ट इमिग्रेशनवाल्यांना कळली. १९९६ सालापासून अमेरिकेच्या कायद्यात एक कलम आहे की केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही कायद्याखाली काही फायदा मिळावा म्हणून जर तुम्ही खोटंच नागरिक असल्याचं सांगितलं तर तुम्ही कायमचे बाद. आणि त्याला माफी जवळजवळ नाहीच. बाकी कितीतरी गोष्टींना इथे माफीचा अर्ज असतो, काही प्रकारच्या फसवणुकीलासुद्धा असतो, पण ह्याला नाही. मग ग्रीन कार्डचा अर्ज नामंजूर आणि २०१२ साली देशाबाहेर काढायची केस सुरू.

पटेलांचं म्हणणं साधं होतं, चुकून झालं. आणि त्यात तथ्य असावं असं मानायला एक भक्कम कारण होतं: जॉर्जियाच्या कायद्यात लायसन मिळायला नागरिक असायची गरजच नव्हती! अर्ज पेंडिंग आणि वर्क परमिट असेल तर लायसन मिळतं. मग माणूस खोटं बोलेल कशाला? ज्या कुलपाची किल्ली खिशात आहे ते कुलूप कोण फोडतं? पण इमिग्रेशन जजला ते पटलं नाही. जज म्हणाला हा माणूस विश्वासार्ह वाटत नाही, मुद्दाम केलंय, आणि नागरिक असल्याशिवाय ह्याला लायसन मिळालं असतं हे ह्याने दाखवलेलं नाही. इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या बोर्डाकडे अपील केलं, बोर्डाने तेच कायम केलं.

आता इथे माझ्यासारख्या कोर्टातल्या माणसाला पहिला धक्का बसतो. ‘इमिग्रेशन जज’ म्हणजे आपण समजतो तसा जज नाहीच. तो न्यायखात्याचा नोकर. म्हणजे सरकारचा जो सर्वोच्च वकील, अ‍ॅटर्नी जनरल (केसच्या नावातले गार्लंड तेव्हाचे), त्याच्या हाताखाली. आणि वर अपील ऐकणारं बोर्ड, तेही त्याच खात्यात. शिवाय अ‍ॅटर्नी जनरलला वाटलं तर बोर्डाची केस स्वतःकडे ओढून घेऊन स्वतः निकाल फिरवता येतो. आमच्याकडे सरकारी वकिलाने जजच्या खुर्चीत नुसतं पाण्याचा ग्लास ठेवला असता तरी बार असोसिएशनने काम बंद केलं असतं. तर अशा ठिकाणी झालेली चूक खरोखरच्या कोर्टात, म्हणजे जिथे राज्यघटनेनुसार तहहयात नेमलेले जज असतात त्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात, तपासायला मिळायला नको का? त्यासाठीच तर फेडरल अपील कोर्टं आहेत, ज्यांना सर्किट म्हणतात, एकूण तेरा. तुम्ही न्यू जर्सीवाले तिसऱ्या सर्किटात, जॉर्जिया अकराव्यात.

पटेल अकराव्या सर्किटात गेले. म्हणाले, जजने सत्य परिस्थिती चुकीची मांडलीय, एवढं बघा. सर्किटातल्या सगळ्या जजांनी एकत्र बसून सांगितलं, आम्हाला बघताच येत नाही, आमचं ज्युरिस्डिक्शनच नाही.

हे नीट लक्षात घ्या मंडळी. ‘तुमचं चुकलं’ असं नाही म्हणाले. ‘जजचं बरोबर आहे’ असंही नाही म्हणाले. म्हणाले बरोबर की चूक हे बघायचा अधिकारच आमच्याकडे नाही.

कारण १९९६ च्या कायद्यात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, पाच कलमं मोजून लिहिली आणि म्हटलं की ह्या पाच कलमांखालची सवलत देण्याबाबतच्या कुठल्याही निर्णयावर कुठल्याही कोर्टाला ज्युरिस्डिक्शन नाही. त्या पाचात देशात राहून ग्रीन कार्ड घ्यायचं कलम आहे, १२५५, म्हणजे तुमचं सगळ्यांचं लाडकं आय-४८५. बाकीच्यात देशाबाहेर काढणं रद्द करून घ्यायचं कलम, स्वतःहून निघून जायची मुभा, आणि दोन प्रकारच्या माफ्या. पुढे २००५ मध्ये एक खिडकी उघडली, की राज्यघटनेचा प्रश्न असेल किंवा कायद्याचा प्रश्न असेल तर अपील कोर्टात जाता येईल. पण वस्तुस्थितीचा प्रश्न असेल तर? त्यावर वेगवेगळ्या सर्किटांत वेगवेगळं चाललं होतं, म्हणून सुप्रीम कोर्टाने केस घेतली.

आणि इथे मजा बघा, मजा म्हणजे वाईट अर्थाने. सुप्रीम कोर्टात सरकार स्वतः पटेलांच्या बाजूने झालं, ज्युरिस्डिक्शनच्या मुद्द्यापुरतं. सरकारी वकील म्हणाले हो, असल्या प्रश्नावर कोर्टाला बघता येतं. म्हणजे भांडायला समोर कुणीच उरलं नाही, तेव्हा कोर्टाने बाहेरून एक वकील नेमली, खालचा निकाल राखायची बाजू मांडायला. आणि ती बाजू जिंकली! चौतीस वर्षांत मी वादी-प्रतिवादीने तडजोड केल्यावर केस निकाली निघालेली बघितलीय, पण दोघांचं एकमत होऊन दोघेही हरले हे नव्हतं बघितलं.

निकाल जस्टिस एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलाय. त्यांचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे सांगतो कारण एकतर्फी सांगायची मला सवय नाही. त्या म्हणतात कायद्यात शब्द आहेत ‘एनी जजमेंट’. एनी म्हणजे कुठलंही. जजमेंट म्हणजे अधिकाराने दिलेला कुठलाही निर्णय, मग तो शेवटचा देऊ-नको देऊचा असो की त्याच्या पोटातला वस्तुस्थितीचा. आणि २००५ ची खिडकी कायद्याच्या आणि घटनेच्या प्रश्नालाच उघडली, म्हणजे वस्तुस्थितीला बंद ठेवायचीच होती, नाहीतर खिडकीला अर्थ काय. शिवाय ही सवलत म्हणजे हक्क नव्हे, कृपा आहे. वाचताना पटत जातं, खोटं का बोलू. साखळी घट्ट आहे.

मग जस्टिस नील गोर्सच यांचं विरोधी मत वाचलं. हे ट्रम्प यांनी नेमलेले, उजव्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे, आणि त्यांच्याबरोबर सही कुणाची तर ब्रायर, सोटोमायोर, केगन या तीन डाव्या समजल्या जाणाऱ्यांची. ते म्हणतात, थोडक्यात सांगतो, सरकारी नोकरशाहीने उघड-उघड चूक केली, त्या चुकीपायी माणूस देशाबाहेर जाणार, आणि कोर्ट म्हणतंय काही करता येत नाही. त्यांनी हेही दाखवलं की कायद्यातला तो निर्णय म्हणजे शेवटी कृपा करायची की नाही हा निर्णय. अर्ज करायला माणूस पात्र आहे की नाही ही पहिली पायरी वेगळी, तिथे कृपेचा प्रश्नच येत नाही. आणि मला जे सगळ्यात लागलं ते पुढे आहे, तोच तुमचा संबंध.

ते म्हणतात हा निकाल फक्त देशाबाहेर काढायच्या केसेसपुरता राहणार नाही. दरवर्षी हजारो लोक, शिकायला आलेले, नोकरीला आलेले, सरळमार्गी, ग्रीन कार्डचा अर्ज करतात आणि तो इमिग्रेशन ऑफिस बघतं. त्या ऑफिसने चुकून नाकारला, समजा कुणाचा कागद कुणाच्या फायलीत गेला, तर आत्तापर्यंत जिल्हा फेडरल कोर्टात दावा लावता यायचा. आता तेही दार बंद होऊ शकतं. बॅरेटबाई म्हणाल्या तो प्रश्न आज आमच्यापुढे नाही, आम्ही ठरवत नाही, पण कदाचित काँग्रेसला तेही दार बंदच करायचं असेल. आणि झालंही तसंच. त्यानंतर सातव्या, नवव्या अशा एकेका सर्किटाने सांगून टाकलं की पटेल केसमुळे आय-४८५ नाकारल्याच्या विरोधात जिल्हा कोर्टात जाता येत नाही. नवव्या सर्किटातले अर्जदार तर भारतीयच होते, कॅलिफोर्निया त्याच सर्किटात येतं, सॅन होजेवाल्यांनी नोंद घ्या. तिथे एवढं मात्र म्हटलं की एखाद्याच्या अर्जाबद्दल नाही, पण सरकारच्या सरसकट धोरणाविरुद्ध दावा करता येऊ शकतो.

मग आता उरतं काय, तर ऑफिसने नाकारलं की आधी तुमचं स्टेटस जाऊ द्या, मग सरकारने तुमच्यावर देशाबाहेर काढायची केस लावायची वाट बघा, मग तिथे पुन्हा अर्ज करा, मग बोर्ड, मग तीस दिवसांच्या आत सर्किट, आणि सर्किट म्हणणार कायद्याचा प्रश्न असेल तर बोला. म्हणजे घराचं दार उघडायला आधी घराला आग लावा असा सल्ला झाला.

मला इथे आमच्याकडची एक केस आठवते. गावं, नावं सांगत नाही. बांधाचा दावा, दोन भाऊबंद, पंधरा गुंठे. खालच्या कोर्टात निकाल देताना सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचण्यात चूक झाली, एक आकडा उलटा, आणि बिचारा वादी हरला. प्रामाणिक चूक होती, ढीगभर फायली असतात. जिल्हा कोर्टात पहिलं अपील आलं. मी बेंच क्लार्क होतो. साहेबांनी निशाणी, म्हणजे पुराव्यातला नंबर घातलेला कागद, काढायला सांगितली, मी उतारा समोर ठेवला, चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचला त्यांनी, आणि मान हलवली. पाच मिनिटांचं काम. कारण आपल्या दिवाणी संहितेत पहिलं अपील कायद्यावर आणि वस्तुस्थितीवर, दोन्हीवर खुलं असतं. दुसरं अपील हायकोर्टात, तिथे मात्र फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, १९७६ च्या दुरुस्तीपासून ते आणखी कडक झालं. म्हणजे वस्तुस्थितीला कुठेतरी मर्यादा हवी हे मलाही मान्य आहे, नाहीतर भावकीची भांडणं नातवापर्यंत जातात, जातातच. पण निदान एकदा तरी, चूक केलेल्या खात्याबाहेरच्या माणसाने, तो कागद डोळ्यांखालून घालावा की नाही? पटेल केसमध्ये ती ‘निदान एकदा’ची सोयच काढून घेतलीय.

आणि आपल्याकडे सगळं सोनं आहे असंही नाही. आसामात फॉरेनर्स ट्रिब्युनलने परदेशी ठरवलं तर अपील नाहीच, रिट करायची हायकोर्टात, आणि रिटमध्ये पुरावा पुन्हा तोलत बसत नाहीत. पण एवढं खरं की हायकोर्टाचं दार संसदेला कायमचं बंद करता येत नाही. १९९७ च्या एल. चंद्रकुमार केसमध्ये सात जजांनी सांगितलं की कलम २२६ आणि २२७ खालचा हायकोर्टाचा अधिकार राज्यघटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, घटनादुरुस्तीनेही काढता येणार नाही. इथे उलटं आहे. इथल्या घटनेत फक्त सुप्रीम कोर्टाचं नाव आहे, खालची फेडरल कोर्टं काँग्रेसला वाटलं तर स्थापायची, म्हणून त्यांना काय द्यायचं काय काढायचं हेही काँग्रेसच्या हातात. इतकंच काय, १८६८ साली एका संपादकाची केस सुप्रीम कोर्टात ऐकून झाल्यावर, निकाल यायच्या आधी, काँग्रेसने तो अपिलाचा अधिकारच काढून घेतला आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने मुकाट म्हटलं की ठीक आहे, आता आम्हाला अधिकार नाही. मॅकार्डल केस. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला बाबा हे लीगल आहे? म्हटलं बाळा हेच लीगल आहे.

पटेलनंतर दार थोडं किलकिलं झालंय, तेही सांगतो म्हणजे घाबरवतोय असं व्हायला नको. १९ मार्च २०२४ ला विल्किन्सन केस आली, सहा विरुद्ध तीन. त्रिनिदादचा माणूस, मुलाला गंभीर दमा, बापाला देशाबाहेर काढलं तर मुलाचं काय होईल हा प्रश्न. तिसऱ्या सर्किटाने, तुमच्याच, म्हटलं होतं आम्हाला बघता येत नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ठरलेल्या वस्तुस्थितीला कायद्याची कसोटी नीट लावली की नाही हा कायद्याचा प्रश्न आहे, तो बघा. पण त्याच निकालात हेही स्पष्ट लिहिलं की साक्षीदार खरा वाटला की नाही, मुलाचा आजार किती गंभीर, बाप पैसे किती पाठवायचा, ह्या वस्तुस्थितीत हात घालायचा नाही. म्हणजे तराजू तपासा, पण वजनं खोटी असली तरी बोलू नका.

आणि १० डिसेंबर २०२४ ला बुआरफा केस, ही एकमताने, नऊच्या नऊ. मंजूर झालेली पिटिशन सरकारने नंतर मागे घेतली तर त्यावर कोर्टात जाता येत नाही, कारण ते कलम सरकारच्या मर्जीवर सोडलेलं आहे. ती केस नवऱ्यासाठी केलेल्या पिटिशनची होती, पण पिटिशन मागे घ्यायचं जे कलम आहे तेच तुमच्या कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी भरलेल्या पिटिशनला, आय-१४० लाही, लागतं. ज्यांची आय-१४० बारा-बारा वर्षांपूर्वी मंजूर होऊन तारखेची वाट बघत पडलीय त्यांनी हे शांतपणे वाचावं. प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग लांब, आणि रांग जितकी लांब तितके दिवस तुम्ही ‘पेंडिंग’, आणि पेंडिंग असताना तितक्या वेळा लायसन रिन्यू, तितके फॉर्म, तितके चौकोन. पटेलांना एकच चौकोन नडला.

आता मंडळांकडे वळतो.

मी गेल्या चार महिन्यांत तुमचे कार्यक्रम बघितले. मंगळागौर झाली, पिकनिक झाली, गणपती झाला, ढोलताशा तर असा की पुण्यातल्या पथकांनी शिकावं. मोदकांची चव अजून जिभेवर आहे. मला त्यात काहीही खोट काढायची नाही, उलट तुम्ही पोरं नोकरी सांभाळून हे करता त्याचं कौतुक. पण एका कार्यक्रमात, कुठल्या ते जाऊ दे, मी एक टेबल बघितलं. ‘फॉर्म भरायला मदत’ असा बोर्ड. बसलेली मुलं गुणी, हसतमुख, आणि एका काकांचा लायसनचा ऑनलाइन फॉर्म फोनवर भरून देत होती. टक टक टक टक. ‘काका, हे सगळं नेक्स्ट नेक्स्ट असतं.’ काका कौतुकाने बघतायत. मी मागून डोकावलो, त्यात मतदार नोंदणीचाही प्रश्न आला होता. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसनच्या ऑफिसातच मतदार नोंदणीचं विचारतात, चांगल्या हेतूने, पण जो नागरिक नाही त्याच्यासाठी तो सापळा आहे, आणि ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा नागरिक असल्याचं खोटं सांगणं देशाबाहेर काढायला पुरतं. मी म्हटलं, बाळा हा प्रश्न काकांना वाचून दाखव. तो म्हणाला, अंकल चिल. चिलच होतो मी, म्हणून तर वाचू शकलो.

तर माझी विनंती पहिली ही की ते टेबल बंद करू नका, पण नियम करा. ज्याचा फॉर्म त्यानेच खूण करायची, भरणाऱ्याने प्रश्न मराठीत वाचून समजवायचा, आणि नागरिक आहात का असा प्रश्न आला की हात वर, थांबायचं. भरलेल्या फॉर्मची कॉपी, तारखेसकट, घरी एका फायलीत. आमच्या कोर्टात रोजनामा असतो, रोज काय झालं ते लिहायचं, आज तारीख, अमुक हजर, तमुक गैरहजर. कंटाळवाणं काम. पण दहा वर्षांनी जेव्हा सगळ्यांच्या स्मरणशक्तीला भोकं पडतात तेव्हा तो रोजनामाच बोलतो. तुमच्या इमिग्रेशनचा रोजनामा तुम्ही ठेवा. पटेल निकालाचा व्यवहारातला अर्थच हा की जे सिद्ध करायचं ते खालीच, पहिल्याच टेबलावर, कागदाने सिद्ध करायचं. वर जाऊन ‘साहेब, नीट बघितलं नाही हो’ म्हणायची सोय राहिली नाही. इंटरव्ह्यूला जाताना कागद जास्त न्या, कमी नको. आणि चूक झालीच असेल, कुणी विचारायच्या आधी लक्षात आली, तर त्याच आठवड्यात वकील गाठा, वाट बघू नका, आणि शेजारच्या अंकलला विचारू नका. त्यात मीही आलो.

दुसरं म्हणजे वकिलाचं एक सत्र ठेवा. इमिग्रेशनचा खरा, परवाना असलेला वकील. दर अधिवेशनात नाट्यसंगीताला तीन तास देता, द्याच, मी पहिल्या रांगेत बसेन, पण चाळीस मिनिटं ह्यालाही द्या, आणि विषय ‘ग्रीन कार्ड लवकर कसं मिळेल’ हा नको, तो सगळ्यांना पाठ आहे. विषय असा ठेवा: नाकारलं तर कुठल्या कोर्टात जाता येतं आणि कुठल्या कोर्टात जाता येत नाही. मराठीत सांगणारा मिळाला तर उत्तम. आजी-आजोबांना पुढे बसवा, कारण फॉर्मवर सही त्यांची असते आणि पासवर्ड मुलांकडे.

तिसरी गोष्ट जरा जड आहे आणि तुम्ही टाळाल हे मला माहितीय. तुमच्यातले बरेच जण आता सिटिझन आहेत, मत देता. हा कायदा कोर्टाचा नाही, काँग्रेसचा आहे. बॅरेटबाईंच्या निकालाचा मथितार्थ हाच की आम्ही शब्द वाचतो; मग शब्द बदलायचे तर ज्यांनी लिहिले त्यांच्याकडेच जायला हवं. मग जा ना. तुमच्या भागाचा जो काँग्रेसमन तुमच्या गणपतीला फेटा बांधून येतो, फोटो काढतो, ‘नमस्टे’ म्हणतो, त्याला फेट्याबरोबर एक कागदही द्या. मागणी फार नाही. त्या कलमात एवढंच घाला की अर्जदार पात्र आहे की नाही ह्याबद्दलच्या वस्तुस्थितीत उघड चूक असेल तर अपील कोर्टाला ती बघता येईल. कृपा करायची की नाही ते ठेवा हवं तर सरकारकडे. असायलमच्या, म्हणजे छळापासून आश्रय मागायच्या, केसमध्ये आजही सर्किट कोर्ट वस्तुस्थिती बघतं, मर्यादेत का होईना, म्हणजे आभाळ कोसळत नाही हे दिसलेलंच आहे. ज्या सरकारने सुप्रीम कोर्टात उभं राहून ‘हो, बघता येतं’ म्हटलं होतं त्यांना ह्यात अडचण काय असावी? मला कळत नाही, कदाचित मी भाबडा असेन.

‘आपण कशाला राजकारणात पडा’ असं एक जण म्हणाले मला, कमिटीतलेच, माणूस सज्जन. त्यांचा मुद्दा असा की पटेल चोरवाटेने आले, आपण त्यांच्या केसशी नाव कशाला जोडायचं, आपली इमेज खराब होते. दादा, तुमचा राग नाही, पण कायद्याच्या कलमाला तुमची इमेज दिसत नाही. कलम १२५५ एकच आहे. पटेलांच्या फायलीवर जे कुलूप लागलं तेच तुमच्या एमएस, दोन घरं आणि टेस्ला असलेल्या फायलीवरही लागलंय, फक्त तुम्ही अजून कडी वाजवून बघितलेली नाही. आणि कुणी सांगावं, कदाचित कधीच वाजवावी लागणार नाही. बहुतेकांना नाहीच लागणार.

मुलगा म्हणतोय बाबा, हे पोस्ट करताना माझं नाव नका टाकू, माझं पेंडिंग आहे. नाही टाकत. बघा म्हणजे, एका कायद्याबद्दल चार ओळी लिहायच्या तर पोराला भीती वाटते, आणि हा पोरगा शाळेत वक्तृत्वात पहिला यायचा.

मी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत जातोय. त्याआधी कुठल्याही मंडळाने, न्यू जर्सी किंवा जवळपास, बोलावलं तर मी येईन. सल्ला देणार नाही, तो माझा अधिकार नाही, पण पटेल निकाल बहुमत आणि विरोधी मत दोन्ही मराठीत वाचून समजावून सांगेन, वीस मिनिटं पुरतील. मानधन नको. गाडी चालवता येत नाही तेवढं न्यायला कुणीतरी या.

कळावे, लोभ असावा,
एक निवृत्त शिरस्तेदार
मुक्काम सध्या एडिसन, न्यू जर्सी

ता. क. : त्या आजींना मी दुसऱ्या दिवशी बाकड्यावर सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, भाऊ, मग ह्या वयात मी म्हणायचं तरी काय? म्हटलं, ‘ग्रीन कार्ड’ एवढंच म्हणा, आणि कार्ड पुढे करा. आता त्या भाजीच्या दुकानातसुद्धा कुणी काही विचारलं की आधी ग्रीन कार्ड काढून दाखवतात.